कासमचाचांचं परेशर

कासमचाचा कुणाच्याही दारात आले की एकदम आत येत नसत. उंबऱ्याबाहेर उभे राहून, मान थोडी पुढे काढून, दबक्या आवाजात विचारत, "परेशर किती आहे?"

प्रश्न घरच्या बाईबद्दल असे. "कमी आहे, या," असं उत्तर आलं तर जोडा काढून आत येत. "चढलं आहे," असं कळलं तर तिथूनच माघारी फिरत आणि जाता जाता घरच्या पुरुषाला सल्ला देत, "वाल उघडा ठेव लेका, नाई तं फुटशीन."

वाल म्हणजे काय, हे तेव्हा आमच्या गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं. पण बायको रागावली असता तिला बोलू द्यावं आणि आपण गप्प बसावं, एवढा अर्थ मात्र सगळ्यांना कळला. पुढे पुढे तर हे शब्द इतके अंगवळणी पडले, की माझी आई, जिनं बॉयलर कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता, ती मला दटावताना म्हणू लागली, "नामा, वाल बंद कर अन् जेव."

मी त्यांच्याबद्दल लिहायला बसलो आहे खरा, पण जमेल की नाही याची शंका वाटते. आमच्या घरात लिहायला शिकलेला मी पहिलाच, आणि कॉलेजात आम्हाला थोर पुरुषांवर निबंध लिहायला सांगतात. चाचा थोर नव्हते. ते पिंजारी होते.

अमरावतीच्या कापूसबाजारामागच्या गल्लीत आमच्या घरासमोर त्यांचं घर. लहानपणी मला जाग यायची ती त्यांच्या पिंजणाच्या आवाजानं. ते ओसरीवर उकिडवे बसायचे, छताला टांगलेलं ते लांबलचक धनुष्य डाव्या हातात धरायचे आणि उजव्या हातातल्या लाकडी मुठीनं त्याच्या तातीवर ठोके द्यायचे. तात रुईच्या ढिगात थरथरायची आणि रुई फुलून वर उडायची. त्या पांढऱ्या धुरात चाचांचं फक्त नाक दिसायचं. गल्लीतल्या सगळ्या गाद्या आणि रजया त्यांच्याच हातच्या. "माह्या रजईत माणूस निजला का त्याले सपनं बी गरम पडतात," असं ते सांगायचे, आणि ते खोटं नव्हतं.

मग अमेरिकेत लढाई सुरू झाली. कुठे अमेरिका आणि कुठे अमरावती! पण तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला आणि विलायतेला आमच्या वऱ्हाडाची आठवण झाली. कापसाचा भाव असा चढू लागला, की माणसं झोपेतून उठून आधी बाजाराकडे धावायची. ज्यांच्याकडे शेत नव्हतं त्यांनी घरातल्या गाद्या उसवल्या, आतली जुनी रुई काढून विकली आणि चटईवर झोपू लागले. आमच्या शेजारच्या गणपत शिंप्यानं तर उशीसुद्धा सोडली नाही. तो विटेला फडकं गुंडाळून डोक्याखाली घ्यायचा आणि सकाळी वाकडी मान चोळत सांगायचा, "अजून चढन भाव, पाहाल तुमी."

ज्या गावात गाद्या उसवल्या जातात तिथं पिंजाऱ्याला कोण बोलावणार? चाचांचं पिंजण भिंतीला टांगलं गेलं. त्याच सुमारास बडनेऱ्याच्या रस्त्यावर एका साहेबानं वाफेचा परेस घातला. रुई दाबून तिच्या दगडासारख्या टणक गठाणी बांधायचा तो कारखाना. चाचा तिथं कामाला लागले, आणि गल्लीत रोज संध्याकाळी एक नवा शब्द येऊ लागला.

एखाद्याचा चेहरा म्हणजे त्याचं 'घेज', बॉयलरचा दाब दाखवणारं काट्याचं घड्याळ. सासूकडे काही मागायचं असेल तर आधी तिचं घेज पाहावं, काटा कुठं आहे ते बघावं, मगच तोंड उघडावं. अंगातला जोर म्हणजे भाप. म्हातारपण म्हणजे भट्टी विझणं. आणि सगळ्यांत गाजला तो त्यांचा माणसं मोजण्याचा प्रकार. वाफेच्या यंत्रानं घट्ट बांधलेली गठाण ती 'फुल परेस'. हातानं आवळलेली, ढिली, वाटेत फुगून सुटणारी ती 'हाफ परेस'. चाचांनी गल्लीतल्या एकेका माणसाला या दोहोंपैकी एका ढिगात टाकलं होतं. शाळेचे मास्तर फुल परेस. गणपत शिंपी हाफ परेस. माझे वडील फुल परेस, पण पोळ्याच्या दिवशी हाफ.

"अन् मी, चाचा?" मी एकदा विचारलं.

त्यांनी मला खालून वरपर्यंत न्याहाळलं. "तू अजून पेटीतच आहे, बेटा. तुले अजून तुडवून राहिले. गठाण कशी निंघते ते मांगून कयन."

मी तेव्हा मुंबईच्या कॉलेजात नुकताच दाखल झालो होतो आणि पहिल्या सुट्टीत घरी आलो होतो. पदार्थविज्ञानाचं पुस्तक सोबत होतं. गल्लीभर परेशर, वाल, घेज ऐकून मला राहवेना. शब्दांचे अर्थ असे सैल सुटलेले बरे नव्हेत, असं मला मनापासून वाटलं. एका सकाळी मी त्यांच्या ओसरीवर गेलो.

"चाचा, परेशर म्हणजे राग नव्हे. परेशर म्हणजे दाब. एखाद्या वस्तूच्या अंगावर जो भार पडतो, तो किती जागेवर पडतो ते पाहून..."

"म्हंजे भार पडतो ना?"

"हो, पण..."

"मंग मी काय येगळं सांगून राहिलो? हे तुही चाची रोज माह्या अंगावर भार टाकून राहिली ना."

आतून चाचींचा आवाज आला, "टाकाले जागा तं पायजे! या माणसातली रुई गेली केव्हाची, नुसती खोळ राहिली."

"ऐकलं?" चाचा माझ्या कानाशी येऊन म्हणाले. "काटा पाह्य कुठं गेला. आता तुह्या पुस्तकात याच्यावर काई इलाज असन तं सांग."

मी हिरमुसून घरी आलो आणि पुस्तक पुन्हा वाचलं. पुस्तकात चाचींबद्दल काही नव्हतं.

पण एक गोष्ट मला तेव्हा कळली, ती मी कुणाला सांगितली नाही. चाचांना बॉयलर दाखवा म्हणून मी मागे लागलो होतो. ते रोज टाळायचे. "आज परेशर बरोबर नाई," "आज साहेबाचं घेज खराब आहे." शेवटी मी एकटाच परेसवर गेलो. भट्टीवाला मुंबईकडचा, बोलका माणूस होता. त्यानं मला बॉयलर दाखवला, काटा दाखवला, जादा वाफ बाहेर सोडणारा वाल दाखवला. मी म्हणालो, "कासमचाचांनी हे सगळं आम्हाला सांगितलंय." तो हसायला लागला. "कासम? पेटीवाला? तो इथं कधी आलाच नाही. पेटीवाल्यांना इकडे यायला मनाई आहे. तो जेवायच्या सुट्टीत भिंतीपलीकडे बसतो, मला भाकरीतली अर्धी देतो आणि विचारतो, आज काय झालं सांग."

चाचांचं काम कारखान्याच्या दुसऱ्या टोकाला होतं. खोल लाकडी पेटीत उतरायचं, वरून रुई पडायची, ती दिवसभर पायांनी तुडवायची, म्हणजे यंत्राला दाबायला सोपं जावं. ज्या रुईला त्यांनी जन्मभर तातीवर फुलवलं, तीच ते आता तुडवत होते. परत येताना मी त्यांना लांबून पाहिलं. छातीपर्यंत रुईत बुडालेले, दोन्ही हात वर धरून जागच्या जागी नाचल्यासारखे ते पाय उचलत होते. मी हाक मारली नाही.

त्याच हिवाळ्यात हमीदाचं लग्न ठरलं.

हमीदा त्यांची एकुलती एक पोरगी, माझ्याहून धाकटी, बापासारखीच बडबडी. स्थळ अकोल्याचं होतं, मुलगा रंगाऱ्याचा. चाचा खूश होते. पण पिंजाऱ्यांमध्ये एक रीत आहे. पोरगी सासरी जाताना बापानं तिला नव्या रुईची रजई द्यायची. विकत घेतलेली नाही, स्वतःच्या हातानं पिंजलेली आणि भरलेली. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बाप ओसरीवर पिंजण लावतो, गल्लीतल्या बाया जमतात, त्या ठोक्यांवर गाणी म्हणतात. दागिना कमी पडला तर चालतं. रजई नसली तर सासरचे म्हणतात, पिंजाऱ्याची पोरगी अन् उघडी आली.

आणि त्या साली गावात नवी रुई मिळत नव्हती. पिकवणाऱ्यांनीही ती उभ्या पिकातच विकली होती. आमच्याच शेतात व्यापाऱ्याचा माणूस खाट टाकून बसला होता. माझी आई निंदणीच्या निमित्तानं गेली आणि ओच्यात चार बोंडं लपवून घेऊन आली. ती तिनं चाचींच्या हातात दिली, तेव्हा दोघी कितीतरी वेळ नुसत्या हसत होत्या, की चार बोंडांत काय होणार म्हणून.

"सावरीचा कापूस भरा ना," गणपत शिंप्यानं सुचवलं. "कोण उसवून पाह्यते?"

चाचा त्याच्याकडे बघतच राहिले. "सावरी? सावरी तं मेल्या माणसाच्या उशीत भरतात बे. हाफ परेस!"

मग चाचांनी दाढी वाढवायला सुरुवात केली. दाढी त्यांना आधीही होती, पण बेताची. आता ती छातीवर आली. तिला ते सकाळी चांगलं चोपडून तेल लावायचे, डोक्यालाही लावायचे, आणि भुवयांनाही. गल्लीत कुजबुज झाली, की पोरीचं लग्न ठरलं अन् बापच नवरदेव होऊन राहिला. कारण लवकरच कळलं. परेसच्या फाटकावर दरवान कामगारांचे कपडे झटकून घ्यायचा, पागोटी सोडायला लावायचा. पण दाढी कशी झटकणार? दिवसभर पेटीत उडणारी बारीक रुई त्या तेलकट दाढीला चिकटायची. संध्याकाळी चाचा घरी यायचे ते पिकलेल्या बोंडासारखे. मग ओसरीवर मान खाली घालून बसायचे, आणि चाची त्यांच्या केसांतून, दाढीतून, कानांमागून एकेक धागा वेचून मडक्यात टाकायच्या.

"हलू नोका! नाई तं नाकपुडीतली बी काढीन."

"काढ. थे बी साहेबाचीच आहे."

लग्नासाठी मी मुंबईहून पुन्हा आलो होतो, तेव्हा एकदा तिथं बसलो होतो. माझा चेहरा पाहून चाचांना काय वाटलं कोण जाणे. म्हणाले, "हे चोरी नाई, नामा. हे लीक आहे. एवढी मोठी मशीन, कुठून ना कुठून थोडी भाप जातेच. साहेब बी त्याले चोरी नाई म्हणत."

मडकं भरत होतं, पण फार हळू. त्या रुईत धूळ असायची, पाचोळ्याचा चुरा असायचा, तेल तर होतंच. आणि अकोलेवाले घाई करू लागले. रमजानच्या आधी उरकून टाकू म्हणाले. चाचांनी दोनदा निरोप धाडला, की अजून थोडं थांबा, आमचं बॉयलर तापलं नाई. त्यांना त्याचा अर्थ लागला नाही. तारीख ठरली.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बाया जमल्या. ओसरीला पडदा लावला होता, रीत म्हणूनच, आणि पडद्याआड चाचांनी पिंजण लावलं. ठोके सुरू झाले. बाया गाऊ लागल्या. मी बाहेर पुरुषांत बसलो होतो. आत पाणी नेऊन द्यायला मला पाठवलं, तेव्हा मी पडदा बाजूला सारला.

तातीखाली काहीच नव्हतं. चटई रिकामी होती. चाचा रिकामी तात ठोकत होते, डोळे मिटून, घामाघूम होऊन. मडक्यातली रुई इतकी आखूड आणि चिकट होती, की पिंजली असती तर निम्मी धूळ होऊन उडून गेली असती. म्हणून त्यांनी ती बोटांनी जमेल तशी सोडवून, तशीच, न पिंजता खोळीत भरली होती. भरलेली रजई कोपऱ्यात घडी घालून ठेवली होती. त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याचा तांब्या ठेवला आणि पडदा सोडला.

बाहेर आलो तर आई गाता गाता थांबली होती. रुईतून निघणारा ठोका जड असतो, पोटातून आल्यासारखा. हा ठोका मोकळा होता, टणटणणारा. इतकी वर्षं समोर राहिलेल्या बाईला तो कळला नसेल असं कसं होईल? तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि मग इतरांपेक्षा मोठ्यानं गायला लागली.

दुसऱ्या दिवशी निकाह झाला, जेवणं झाली. निघायच्या वेळी सामान मांडलं, तेव्हा नवरदेवाच्या मामूनं रजई उचलली. मोठा हौशी माणूस. दोन दिवस आमच्या गल्लीत राहून आमचे शब्द त्यानं उचलले होते आणि ते वापरायला तो टपलेलाच होता. त्यानं रजई दोन बोटांत धरून दाबली. कुठे गाठ, कुठे नुसतं कापड. त्यानं ती उजेडापुढं धरली.

"अरे कासमभाई," तो ओरडला, "एवढा मोठा परेसवाला माणूस, अन् रजई हाफ परेस?"

मांडवात हशा पिकला. अकोल्याचे हसले, आणि आमच्या गल्लीतलेही हसले. शब्द आमच्याच ओळखीचा, जिभेवर बसलेला. तो ऐकला की हसूच येई. गणपत शिंपी तर मांडीवर थाप मारून हसला, की अखेर आपल्याला जोडीदार मिळाला. चाचाही हसले. सगळ्यांत मोठ्यानं तेच हसले. हमीदा तेवढी हसली नाही. तिनं मामूच्या हातातून रजई घेतली, घडी घातली आणि बैलगाडीत स्वतःच्या मांडीवर ठेवली.

त्या दिवसानंतर चाचांच्या तोंडून मी परेशर हा शब्द ऐकला नाही. वाल नाही, घेज नाही, काहीच नाही. ते कुणाच्या दारात आले तर "येऊ का?" असं विचारायचे, साध्या माणसासारखं. गल्लीचं मात्र काही अडलं नाही. शब्द आता गल्लीचे झाले होते. पोरंसोरं विटीदांडू खेळताना एकमेकांना हाफ परेस म्हणत. बाजारात मी एका अनोळखी शेतकऱ्याला बैलाबद्दल बोलताना ऐकलं, "याची भाप गेली." हे शब्द कुणी आणले, ते विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं.

पुढच्या वर्षी अमेरिकेतली लढाई संपली. बातमी तारेनं आली आणि कापसाचा भाव विहिरीत दगड पडावा तसा खाली गेला. बडनेरा स्टेशनावर गठाणी उघड्यावर पडून राहिल्या. परेसची शिट्टी आधी दिवसाआड वाजू लागली आणि मग बंदच झाली. ज्यांनी गाद्या उसवल्या होत्या त्यांना आता पाठीच्या हाडांची आठवण झाली. रुई कुणी घेईना, म्हणून घरोघरी गाद्या भरल्या जाऊ लागल्या. गणपत शिंप्यानं वीट टाकून दिली आणि दोन उशा शिवल्या. चाचांचं पिंजण पुन्हा ओसरीवर आलं, आणि सुट्टीत घरी आलो की मला पुन्हा त्याच आवाजानं जाग येऊ लागली. पण ते पूर्वीसारखे काम करता करता बोलत नसत.

त्या सुट्टीत त्यांनी एक रजई केली. रुई त्यांनी आमच्याच शेतातली, न विकता घरात पडून राहिलेली घेतली, बोंडं स्वतः निवडून. सरकी चाचींनी हातानं काढली. किती वेळ ते ती पिंजत होते! एकदा पिंजून झाली की पुन्हा पिंजायचे. फुललेली रुई ओसरीवरून घरात, घरातून अंगणात आली. माझी आई म्हणाली, "हमीदासाठी आहे." मला ते न सांगताही कळलं होतं.

मी मुंबईला परत निघालो, तेव्हा चाचा सोबत आले. वाटेत अकोल्याला माझी मावशी राहायची, तिथं एक दिवस थांबायचं आणि दुसऱ्या दिवशीची गाडी धरायची असं मी ठरवलं. चाचांनी रजई गुंडाळून पाठीवर बांधली होती, आणि हातात पिंजण. बडनेऱ्याच्या फलाटावर इंजिन येऊन उभं राहिलं, आमच्या अगदी पुढ्यात. वाफ फुसफुसत होती. मला वाटलं, आता तरी ते बोलतील. जन्मात पहिल्यांदा बॉयलर त्यांच्या एवढ्या जवळ आला होता. मी काटा दाखवायला हात वर केला. पण ते बघत नव्हते. इंजिनाचे काजळीचे कण उडत होते आणि रजईवर एकही पडू नये म्हणून ते तिला पाठीवरून सोडून अंगाखाली झाकत होते.

डब्यात ती रजई दोन माणसांची जागा अडवून बसली. उन्हाळा होता. समोरचा म्हातारा वैतागून म्हणाला, "बावा, या गर्मीत रजई कायले?"

"पोरीले," चाचा म्हणाले.

"पोरगी काय हिमालयात दिली?"

"अकोल्याले."

"मंग?"

"मंग काय," चाचा म्हणाले, "हिवाळा येईनच ना."

मुर्तिजापूर येईपर्यंत ते मला हळूच सांगत राहिले. नवी रजई द्यायची, आणि ती जुनी तिथल्या तिथं उसवायची. म्हणून तर पिंजण घेतलं. तिच्यातली रुई पिंजून, त्यात थोडी नवी मिसळून, एखादी उशी भरून टाकायची. "मामूच्या नजरेसमोरच पिंजतो. ठोका ऐकू दे त्याले. मंग त्या रजईचं नाव नाई राह्यनार."

हमीदाचं घर रंगाऱ्यांच्या आळीत होतं. अंगणात दोरीवर निळी आणि लाल कापडं वाळत होती. ती आम्हाला पाहून धावत आली. "अब्बा! नामाभाऊ!" तिचे हात कोपरापर्यंत निळे झाले होते. मामू घरी नव्हता, कुठं परगावी गेला होता. चाचांचा अर्धा बेत तिथंच बसला. पण सासू होती. तिनं नवी रजई उलगडली, तिच्यात कोपरापर्यंत हात रुतवला आणि म्हणाली, "वा, ही खरी! कासमभाई, ही माह्या खाटेवर टाकतो मी. म्हाताऱ्या हाडाले बरी." आणि कुणी काही म्हणायच्या आत ती रजई उचलून घरात घेऊनही गेली.

चाचा पागोटं नीट करून म्हणाले, "बेटा, थे जुनी आण. उसवून पिंजून देतो. पिंजण आणलं आहे मी."

हमीदा रजई घेऊन आली. दोन्ही हातांनी छातीशी धरून उभी राहिली. खाली ठेवीना.

"आण ना."

"नाई अब्बा."

"अगं, गाठी आहेत तिच्यात. बापाची लाज आहे थे. आण इकडे."

"उसवली व्हती मी," ती म्हणाली. "पावसाळ्यात. खोळ धुवाले. आतमंदी तुमच्या दाढीचे केस सापडले. लई. पांढरे. रुईतले वेचूनच येत नव्हते, कोणचा केस अन् कोणचा धागा. पिंजली का उडून जातीन सारे. म्हून मी तशीच भरून शिवून टाकली."

अंगणात दोरीवरचं कापड ठिबकत होतं. चाचांच्या हातातली लाकडी मूठ तशीच हातात राहिली.

"पन गाठी टोचत असतीन ना, बेटा," ते म्हणाले.

"टोचतात. निजताना बोटानं मोडतो मी. इकडची मोडली का तिकडं दुसरी होते."

"लोक हासत असतीन."

"हासतात."

चाचांनी मूठ खाली ठेवली. हमीदानं रजईचं एक टोक त्यांच्या मांडीवर सोडलं, बाकीची स्वतःकडेच धरून ती त्यांच्यासमोर बसली. ते खोळीवरून बोटं फिरवू लागले. एके ठिकाणी थांबले. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये कापडातूनच ती गाठ धरली आणि हलकेच सोडवू लागले, धागा तुटू नये अशा बेतानं.

ऊन कलायला आलं होतं, आणि मावशी वाट पाहत असेल म्हणून मी उठलो. मी जवळ जाऊन म्हणालो, "चाचा, निघतो मी."

त्यांनी वर पाहिलं नाही.

"जाय, बेटा. मी एवढी एक मोडतो."